बेळगावात समुद्र कुठाय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो येळ्ळूरच्या मामांनी. सख्खे मामा नव्हेत. दर वर्षी घरी बासमती आणून देतात, तेव्हापासूनचे मामा. परसदारी ओट्यावर मी प्लास्टिकचा लांब पाइप उभा चिरून ठेवला होता आणि आत होता काळा-करडा चिखल. मामांनी खांद्यावरचं पोतं उतरवलं, चिखलाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही समुद्राचं काम करतासा म्हणे. मग बेळगावात समुद्र कुठाय?"

त्यानंतर लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, खानापूरच्या बसमध्ये, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आता एकदा नीट लिहूनच काढते. तुम्ही विचारलंत म्हणून.

माझं काम जुना किनारा शोधण्याचं. हजार-दोन हजार वर्षांपूर्वी भरतीचं पाणी कुठवर येत होतं, खाडी किती खोल होती, गलबतं कुठल्या काठाला लागत होती, हे जमिनीतल्या गाळावरून ठरवायचं. हरवलेलं बंदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाणबुडे येतात, पाण्याखालच्या भिंती येतात. तशीही बंदरं आहेत. पण जगातली कितीतरी जुनी बंदरं पाण्याखाली नाहीत, जमिनीखाली आहेत. त्यांच्यावर आज शेतं आहेत, बाभळी आहेत, बसस्टँड आहेत. इस्तंबूलमध्ये येनीकापी भागात २००४ साली रेल्वेच्या भुयारासाठी खोदाई सुरू झाली आणि शहराच्या पोटात बायझंटाइन काळातलं थिओडोशियसचं बंदर लागलं. त्या चिखलातून एकूण ३७ जहाजं निघाली. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजलं नव्हतं. उघड्यावर असती तर त्यांची एक फळीही उरली नसती.

हे घडतं कसं, ते समजायला फार विज्ञान लागत नाही. नदी समुद्राला मिळते तिथं तिचा वेग मरतो. वेग मेला की तिनं वाहून आणलेलं खाली बसायला लागतं: आधी गोटे, मग रेती, मग पोयटा आणि अगदी शेवटी चिकण माती. चिकण मातीला बसायला संथ पाणी लागतं. आणि गलबताला उभं राहायलाही संथच पाणी लागतं. बंदराचं दुखणं हे आहे. तुर्कस्तानातल्या एफेसस बंदराची गोष्ट स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलीय. बंदर उथळ होतंय म्हणून राजा अ‍ॅटॅलसच्या माणसांनी बंदराच्या तोंडाशी बांध घालून ते अरुंद केलं. त्यांना वाटलं, तोंड लहान झालं की आत पाणी खोल राहील. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर थोडा तरी गाळ बाहेर जात होता, तोही आत अडकला. आज एफेससचा तो देखणा फरसबंदी रस्ता दलदलीपाशी येऊन थांबतो आणि समुद्र काही किलोमीटर लांब आहे.

आता माझ्या ओट्यावरच्या पाइपाकडे येते. गोव्यातल्या एका खाजणाच्या कडेनं, भातशेतीच्या बांधावर उभं राहून आम्ही तो जमिनीत ठोकला होता. खाजण म्हणजे खाडीच्या काठची, बांध घालून खारं पाणी अडवलेली जमीन. पाइप वर काढायचा, तोंडं बांधायची, वरचं टोक कुठलं ते मार्करनं लिहायचं (हे विसरलं तर सगळंच गेलं) आणि आडवा ठेवून घरी आणायचा. मग ग्राइंडरनं दोन्ही बाजूंनी चिरायचा आणि आतला चिखल बारीक तारेनं मधोमध कापायचा. कापलेला भाग ओल्या सुरीनं खरवडायचा, तोही आडवा. उभी सुरी फिरवली तर खालच्या थरातला चिखल वरच्या थरात जातो आणि दोन-चारशे वर्षांची सरमिसळ होते.

खरवडलं की थर दिसायला लागतात. सगळ्यात वर हातभर शेतातली माती: तपकिरी, मुळ्यांनी विणलेली, गंजासारखे ठिपके असलेली. तिच्याखाली करडी चिकण, गोड्या पाण्यातली. तिच्यात कागदासारखे पातळ शंख. मग काळा थर. पाइप चिरताच सडक्या अंड्याचा वास घरभर जातो, कारण खारफुटीच्या चिखलात हवा नसते आणि पानं-मुळं कुजताना तो वायू तयार होतो. आमच्या घरी आता कुणी नाकाला पदर लावत नाही. त्या काळ्या थराच्या खाली लोण्यासारखा मऊ गाळ आणि त्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या. आपण बेळगावच्या मासळी बाजारातून आणतो त्याच तिसऱ्यांसारख्या, दोन्ही शिंपा मिटलेल्या, जशा जगल्या तशाच गाडल्या गेलेल्या. आणि तळाशी भरड रेती, फुटक्या शिंपल्यांचा चुरा मिसळलेली.

हे खालून वर वाचायचं. तळाची भरड रेती म्हणजे लाटा आपटत होत्या, उघडी पुळण होती. वरचा मऊ गाळ म्हणजे लाटा थांबल्या. का थांबल्या, हाच सगळ्यात मोठा प्रश्न. समोर रेतीचा दांडा तयार झाला असेल, किंवा माणसानं धक्का बांधला असेल. नुसत्या गाळावरून ते ठरत नाही. त्या थरात खापऱ्या आहेत का, जहाजातून टाकलेले परमुलखातले दगड आहेत का, शिशासारखा धातू वाढलाय का, हे बघावं लागतं. रोमच्या बंदराच्या गाळात शिसं असं वाढलेलं सापडलं. ते शहराच्या शिशाच्या नळांतून आलेलं होतं. मऊ गाळावरचा काळा थर म्हणजे पाणी इतकं उथळ झालं, की खारफुटी रुजली. त्यानंतर गोडं पाणी, मग शेत. दीड माणूस उंचीच्या पाइपात एक खाडी जन्मली आणि बुजली.

डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर मात्र विसंबून चालत नाही. प्रत्येक थरातला चमचाभर गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून धुवायचा. चाळणीवर जे उरतं त्यात फोरामिनिफेरा असतात. एकाच पेशीचे हे जीव. त्यांचं कवच खसखशीच्या दाण्याहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायला उठले नव्हते. कुणाचं कवच गोगलगायीसारखं वळलेलं, कुणाचं काचेसारखं. अमोनिया नावाचा एक वंश आहे, त्याला खाडीचं मचूळ पाणी चालतं. ट्रोकॅमिना रेतीचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःचं घर बांधतो आणि भरतीच्या रेषेजवळच्या खारफुटीच्या चिखलात राहतो. म्हणजे ट्रोकॅमिना जिथं भरपूर सापडला, तिथं त्या काळी भरतीचं पाणी जेमतेम पोचत होतं. समुद्राची पातळी ठरवायला याच्याइतका भरवशाचा साक्षीदार मला तरी माहीत नाही.

गुजरातमधल्या लोथलचं, सिंधू संस्कृतीतल्या गावाचं उदाहरण यासाठीच मी विद्यार्थ्यांना देते. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९५५ पासून तिथं उत्खनन केलं आणि विटांनी बांधलेला, सुमारे २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद हौद सापडला. राव म्हणाले, ही गोदी. दुसरे म्हणाले, हे तर शेतीचं तळं. पुढे गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम यांनी त्या हौदाच्या गाळातले फोरामिनिफेरा पुढे केले. खाऱ्या पाण्यातले जीव तळ्यात कशाला येतील? वाद त्यानं मिटला असं नाही, पण विटांवरून चाललेलं भांडण गाळावर आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आज लोथल समुद्रापासून बरंच आत आहे. नुसतं उभं राहून बघितलं तर तिथं कधी भरती येत होती यावर विश्वास बसत नाही.

वयाचं म्हणाल तर मी स्वतः एकदा चांगलीच चुकलेय. शिंपल्यातल्या कार्बन-१४ वरून वय काढतात. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पहिल्याच पाइपातून मी एक सुटा, झिजलेला शिंपला निवडला, कारण तो मोठा होता. वय आलं ते त्याच्या खालच्या थराहून जास्त! मी सहा महिने त्या आकड्यावर किनाऱ्याची रेषा रचत बसले. शेवटी उमगलं, की तो शिंपला तिथं जगलाच नव्हता. जुन्या पुळणीतून उकरला जाऊन वाहत आला होता. तेव्हापासून मी दोन्ही शिंपा मिटलेली तिसरीच निवडते, किंवा खारफुटीचं पान. शिवाय समुद्रातल्या शिंपल्याचं वय मुळातच सुमारे ४०० वर्षांनी जास्त दिसतं, कारण समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो. तेवढं वजा करावं लागतं, आणि ही वजावटही जागेनुसार बदलते.

आणि आता मामांचा खरा प्रश्न. बेळगावातच का?

कारण गाळ इथून जातो. जांबोटी सोडून चोर्ला घाटाकडे निघालात की कणकुंबी लागतं. तिथं माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला जाते, सौंदत्तीवरून पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. आषाढात कणकुंबीला उभं राहून बघा. एकाच सरीतली तांबडी माती काही थेंबांबरोबर या बाजूला जाते, काही थेंबांबरोबर त्या बाजूला. मी दर पावसाळ्यात एकदा तरी जाते आणि बाटलीत ते गढूळ पाणी भरून आणते. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला तो बोटभर गाळ बघितला की मला माझं काम कुठून सुरू होतं ते कळतं.

पूर्वेकडे, आंध्रात, कृष्णेच्या मुखाशी घंटसाळ नावाचं गाव आहे. टॉलेमी या जुन्या ग्रीक भूगोलकारानं उल्लेखलेलं कॉन्टाकोसिला हे व्यापारी ठाणं ते हेच, असं मानतात. तिथं बौद्ध स्तूप आहे, समुद्र मात्र दूर सरकलाय; कृष्णेनं समोर नवी जमीन घातली. त्या जमिनीत आमच्या खानापूरच्या डोंगराचा चिमूटभर तरी वाटा आहे. पश्चिमेकडे तर नातं आणखी जवळचं. खानापूर तालुक्यातल्या हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, त्यात गोव्याच्या कदंब राजांचा बाराव्या शतकातला शिलालेख आहे. या कदंबांचं बंदर आणि राजधानी गोपकपट्टण, जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्ह्यापाशी. ते बंदर गाळानं उथळ होत गेलं आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा गावाकडे सरकला, असं इतिहासकार सांगतात. तेच पुढचं जुनं गोवं. हलशीच्या देवळात घंटा वाजवणाऱ्या माणसाला समुद्र परका नव्हता. त्याच्या राजाची गलबतं होती. आपण मात्र घाट उतरला की दुसरा मुलूख, असं धरून चालतो.

म्हादईचं नाव काढलं की आमच्याकडे लगेच टीएमसीचा, म्हणजे कुणाला किती पाणी याचा विषय निघतो. २०१८ साली लवादानं पाणी वाटून दिलं, त्यावर अजून आंदोलनं चालू आहेत. कुणाच्या बाजूनं बोलायला मी इथं बसलेली नाही. पण नदी फक्त पाणी नेत नाही, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. मलप्रभेचा गाळ आता सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडतो. कृष्णेवर पुढे नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. जी नदी एकेकाळी बंदरं बुजवत होती तिच्या मुखाशी आता काही ठिकाणी किनारा खचतोय, कारण समुद्र जेवढं खातो तेवढं भरून द्यायला गाळच पोचत नाही. मला याची काळजी वाटते. पाइपातल्या थरांत मी हजार वर्षं वाचते, आणि वरचा शेवटचा बोटभर थर मात्र माझ्याच आयुष्यात पातळ झालेला दिसतो.

आणि समुद्र इथं नव्हताच असंही नाही. यल्लम्माच्या डोंगराच्या आसपास, सौंदत्तीचा तो कठीण वाळूचा दगड बघा. काही फरश्यांवर ओळीनं वळ्या दिसतात, ओहोटीनंतर पुळणीवर उरतात तशाच. शंभर कोटी वर्षांहून जुना उथळ समुद्र तो, कलादगीच्या खोऱ्यातला. पौर्णिमेच्या यात्रेला लाखो अनवाणी पाय त्या डोंगरावरून जातात.

मामांना त्या दिवशी मी एवढं सगळं सांगितलं नव्हतं. त्यांच्या तळहातावर एक तिसरी ठेवली आणि कुठून निघाली ते सांगितलं. त्यांनी ती उलटून-पालटून बघितली, नखानं चिखल काढला आणि म्हणाले, "आमच्या विहिरीच्या खोदाईत असले शंख लागले होते की ओ. पांढरे, बारीक." गोड्या पाण्यातलेच असणार, बहुतेक जुन्या तळ्याचे. तरी रविवारी टेप आणि पिशव्या घेऊन येळ्ळूरला जायचं ठरलंय. विहीर अजून बांधून काढलेली नाही, थर उघडे आहेत म्हणाले.