सॅन होजेतील इझाकाया आणि तिथे जेवण्याची रीत

इझाकायात, म्हणजे मद्यासोबत छोटे छोटे पदार्थ देणाऱ्या जपानी खानावळीत, जेवायला बसताना एक सवय मोडावी लागते. प्रत्येकाने आपापली एक मोठी डिश मागवायची आणि मान खाली घालून ती एकट्याने संपवायची, ही ती सवय. अमेरिकेतील बहुतेक रेस्टॉरंटे याच पद्धतीवर चालतात आणि इथे बरीच वर्षे राहिल्यावर आपणही नकळत तसेच जेवू लागतो. इझाकायात मात्र पदार्थ सगळ्या टेबलाचे असतात. दोन-तीन छोट्या ताटल्या मागवायच्या, त्या मधोमध ठेवून गप्पा मारत खायच्या, काय आवडले ते पाहून पुढच्या दोन मागवायच्या आणि हा क्रम दीड-दोन तास चालू द्यायचा. कॅलिफोर्नियातील सॅन होजे परिसरात या धर्तीवर चालणारी, पण स्वतःला ‘एशियन फ्यूजन’, म्हणजे निरनिराळ्या आशियाई पाककृतींचे मिश्रण, म्हणवणारी काही साधी रेस्टॉरंटे आहेत. त्यांतल्या एकात आम्ही वरचेवर जातो, आणि या खेपेस नागपूरहून आलेली आत्या सोबत असल्यामुळे तिथल्या जेवणाकडे मी अधिक बारकाईने पाहिले.

इझाकायाचा जन्म मद्याच्या दुकानात झाला. आजच्या तोक्योला एदो म्हणत त्या काळात साके, म्हणजे तांदळाचे मद्य, विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकांना तिथेच बसून पिण्याची मुभा दिली आणि पिण्यासोबत खायला काही साधे पदार्थ ठेवले. १५९६ साली सुरू झालेले तोशिमाया हे दुकान मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) लावून भाजलेल्या टोफूसाठी नावाजले गेले होते. पुढे या पदार्थांची यादी वाढत गेली, आणि ती कशी वाढली हे पाहिले तर ‘फ्यूजन’ या प्रकाराकडे नाक मुरडण्याचे कारण उरत नाही. ग्योझा, म्हणजे सारण भरलेला मोमोसारखा पदार्थ, जपानमध्ये घरोघरी पोचला तो १९४५नंतर चीनमधून परतलेल्या जपानी लोकांमुळे. तिखटात मुरवलेली माशाची अंडी, म्हणजे मेन्ताइको, कोरियातल्या बुसानमध्ये वाढलेल्या एका जपानी गृहस्थाने १९४९ साली फुकुओकात विकायला सुरुवात केली. ज्या पोर्तुगीजांनी गोव्यात पाव रुजवला, त्यांच्याच जहाजांबरोबर पिठात बुडवून तळण्याची पद्धत सोळाव्या शतकात नागासाकीला पोचली आणि तिचा तेम्पुरा झाला. बटाट्याचे सॅलड तर आज जपानमधल्या जवळपास प्रत्येक इझाकायात मिळते. जी पंगत मुळातच शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेल्या पदार्थांवर वाढली, तिच्यात आणखी एका शेजाऱ्याचा पदार्थ बसला तर बिघडण्यासारखे काही नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सॅन होजेमध्ये हे शेजारी खरोखरचे आहेत. १८८७ साली शहरातली चिनी वस्ती जाळण्यात आली, तेव्हा जॉन हाइनलेन या जर्मन वंशाच्या जमीनदाराने विरोध पत्करून चिनी लोकांना आपली जागा भाड्याने दिली, आणि त्या वस्तीला लागूनच जपानी मजुरांची दुकाने व खानावळी उभ्या राहिल्या. आजचे जॅक्सन स्ट्रीटवरचे जपानटाउन त्यातून आले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अमेरिकी सरकारने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, त्यांत इथली कुटुंबेही होती. युद्धानंतर त्यांच्यातले काही परतले आणि वस्ती पुन्हा उभी राहिली, म्हणूनच संपूर्ण अमेरिकेत शिल्लक असलेल्या तीन जुन्या जपानटाउनपैकी एक सॅन होजेमध्ये आहे. १९७५नंतर या शहरात व्हिएतनामी निर्वासित आले आणि आता व्हिएतनामबाहेर इतकी मोठी व्हिएतनामी वस्ती दुसऱ्या कोणत्याही एका शहरात नाही. अशा गावातल्या इझाकायाच्या यादीत व्हिएतनामी स्वयंपाकातला फिश सॉस (माशापासून केलेला खारट रस) दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

त्या संध्याकाळी आम्ही सुरुवात एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा) आणि शिशितो मिरच्यांनी केली. शिशितो म्हणजे बोटभर लांबीच्या, पातळ सालीच्या हिरव्या मिरच्या; त्या नुसत्या तव्यावर डाग पडेपर्यंत परततात आणि वर मीठ भुरभुरतात. बहुतेक मिरच्या गोडसर असतात, पण एखादी अचानक झणझणीत निघते आणि टेबलावर लगेच जाग येते. त्यानंतर कारागे आले. आले, लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरवलेले कोंबडीच्या मांडीचे तुकडे बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळले की त्यांना जो कुरकुरीतपणा येतो, तो मैद्याला साधत नाही. लिंबू पिळून ते गरम असतानाच खावेत. म्हणूनच सगळे पदार्थ एकदम मागवू नयेत, असे मी नेहमी सांगते.

याकितोरीवरून, म्हणजे सळईवर भाजलेल्या कोंबडीवरून, स्वयंपाकघराची पारख होते. कोंबडीच्या मांडीचे तुकडे आणि कांद्याच्या जाड पातीचे तुकडे आळीपाळीने सळईला टोचलेली नेगिमा, आणि खिम्याचे गोळे भाजलेली त्सुकुने, या दोन गोष्टी नीट जमल्या तर पुढच्या पदार्थांवर विश्वास ठेवायला हरकत नसते. मीठ लावून भाजायची की ‘तारे’ या गोडसर सॉसमध्ये बुडवून, एवढीच निवड गिऱ्हाइकाला करायची असते. जपानमधल्या चांगल्या ठिकाणी यासाठी बिंचोतान हा वाकायामाचा कोळसा वापरतात. उबामे जातीच्या ओकपासून केलेला हा कोळसा फारसा धूर न करता तासन्‌तास धगधगत राहतो. इथे भाजण्याचे काम गॅसवर होते आणि तो फरक जिभेला कळतो, पण आचारी सळया लवकर उतरवतो, त्यामुळे मांस आतून रसाळ राहते. ते मला महत्त्वाचे वाटते.

मिश्रणाचे पदार्थ त्यानंतर आले. फिश सॉस, साखर आणि भरपूर तळलेल्या लसणात घोळवलेले चिकन विंग्स हा खरा व्हिएतनामी घरगुती पदार्थ आहे आणि तो कारागेच्या शेजारी असा बसतो की त्याला वेगळे नाव देण्याची गरजच भासत नाही. तैवानच्या बावमध्ये, म्हणजे वाफवलेल्या मऊ पावात, मंद शिजवलेले डुकराचे मांस, खारवलेली मोहरीची पाने, कोथिंबीर आणि साखर घातलेले दाण्याचे कूट असते. ते कूट पाहून आत्याने सगळी चौकशी केली, आणि मांसाशिवाय नुसता वाफवलेला बाव कूट घालून मागवला. किमची (कोबीचे तिखट, आंबवलेले कोरियन लोणचे) आणि चीज घातलेले फ्राइज मात्र मला पटले नाहीत. किमचीचा आंबटपणा चीजखाली दबून जातो आणि फ्राइज ओले होतात. मला वाटते, मिश्रण तिथेच टिकते जिथे प्रत्येक पदार्थाची मूळ कृती शाबूत राहते. नुसती वरून ओतलेली गोष्ट जिभेवर परकीच राहते.

आत्या शाकाहारी असल्यामुळे या जेवणातली खरी अडचण तिच्या निमित्ताने समोर आली, आणि त्या अडचणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी हा आहे. कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप, यांपासून हे पाणी काढतात. कोकणात वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात मूठभर सुकट पडली की चव जशी खोल होते, तसेच काम दाशी करते, फक्त मासा कुठे दिसत नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतला ग्लुटामेट वेगळा काढून त्या चवीला उमामी हे नाव दिले. अडचण अशी की आगेदाशी टोफू हा तळलेला पदार्थ नुसता टोफू दिसतो, पण तो दाशीतच बुडालेला असतो. मिसो सूपमध्ये दाशी असते. शिशितोंवर कधी कधी माशाचे काप भुरभुरलेले असतात. आणि किमचीतही बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. ‘यात मांस आहे का?’ असे विचारले तर ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि ते देणारा खोटे बोलत नसतो. म्हणून दाशी, बोनिटो आणि फिश सॉस ही तीन नावे घेऊनच विचारावे. साके आणि मिरिन या दोन मद्यांचा स्वयंपाकात सर्रास वापर होतो, हेही मद्य वर्ज्य करणाऱ्यांना आधीच सांगावे.

वाढणाऱ्या मुलीने आत्याचे सगळे प्रश्न आत जाऊन विचारून आणले. गोड मिसो लावून भाजलेले वांगे इथे दाशीशिवाय करता येते असे कळले, आणि ते आल्यावर आत्याने चमच्याने गर काढून पहिला घास घेतला आणि ताटली आपल्याकडे ओढून घेतली. वांग्याची साल जळेपर्यंत भाजलेली आणि गर लोण्यासारखा होता. मिसोचा खारट-गोड थर त्यावर करपून किंचित कडसर झाला होता. त्या दिवशीच्या सगळ्या जेवणात मला तोच पदार्थ सर्वोत्तम वाटला. एदामामे, वांगे, बाव आणि काकडीचे लोणचे एवढ्यात तिचे पोट छान भरले.

इझाकायातल्या जेवणाचा शेवट भाताने किंवा नूडल्सने करण्याची पद्धत आहे. आम्ही भाजलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा दाबून केलेला गोळा, मागवली, आत काही न भरलेली, बाहेरून सोया सॉस लावून कुरकुरीत केलेली. तिथे जाणार असाल तर शुक्रवार-शनिवार टाळावा आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोचावे, कारण त्या वेळी आचाऱ्यालाही उसंत असते आणि शाकाहारी माणसाच्या प्रश्नांची नीट उत्तरे मिळतात. चौघांनी मिळून आधी चार ताटल्या मागवाव्यात, उरलेल्या नंतर. ओनिगिरी मात्र शेवटची ताटली संपायच्या आधीच सांगून ठेवावी. ती भाजायला वेळ लागतो.