जालना परिसरातील रेशीम शेडमध्ये दोन दिवस

जालन्यापासून तासाभराच्या अंतरावरील एका गावी तुतीची बाग आणि रेशीम अळ्यांचे शेड पाहण्यासाठी मी दोन दिवस राहून आलो. त्यातला पहिला अर्धा दिवस अंगणातच गेला. डास पळवणाऱ्या मलमाचा वास माझ्या अंगाला येत होता. "दादा, आधी आंघोळ करा, कपडे बदला, मग आत या," असे घरच्या ताईंनी दारातच बजावले. कीटकनाशक, अत्तर, तंबाखू यांचा वास अळीला सोसत नाही. म्हणून जाणाऱ्यांनी यातले काहीही लावून जाऊ नये, दारातल्या चुन्यावर पाय ठेवूनच आत शिरावे आणि एका शेडमधून थेट दुसऱ्या शेडमध्ये जाऊ नये, कारण रोग पाहुण्याच्या पायांनीही येतो.

केव्हा जावे, हे बॅचवर ठरते. दुसरी कात टाकलेल्या अळ्या चॉकी केंद्रातून, म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रातून, शेतकऱ्याकडे येतात आणि पुढे अडीच आठवड्यांच्या आत कोषावर जातात. शेवटच्या सात-आठ दिवसांत त्या एकूण पाल्याच्या 80 टक्क्यांहून अधिक पाला फस्त करतात. पाहायचे ते याच दिवसांत. अळ्या कात टाकत असताना त्या नुसत्या निश्चल पडलेल्या असतात आणि घरच्यांनाही तेव्हा कोणी आत आलेले नको असते.

ताई आणि त्यांच्या सासूबाई पहाटेच विळे घेऊन बागेत जातात, कारण उन्हाआधी कापलेला पाला लवकर कोमेजत नाही. भारे शेडमध्ये आणायचे, रॅकवर फांद्या पसरायच्या, ओला पाला टाळायचा, उन्हाळ्यात गोणपाट भिजवून टांगायचे. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि मध्ये स्वयंपाक, जनावरे, मुले. 100 अंडीपुंजांच्या (एका मादी पतंगाने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) बॅचमध्ये अळ्या चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतात, तेव्हा एक खाणे चुकले तरी ते कोषाच्या वजनात दिसते.

सासूबाईंनी मला पिकलेली अळी ओळखायला शिकवली. खाणे सोडलेली, किंचित आखडलेली, डोके वर करून काहीतरी शोधत असल्यासारखी हलणारी ती अळी त्यांनी उजेडात धरली. पांढरे अंग पिवळसर आणि पारदर्शक दिसत होते. मी उचललेल्या तीनपैकी दोन त्यांनी न बोलता परत पाल्यावर ठेवल्या. अशा अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या चौकटीवर, सोडल्या की दोन-तीन दिवसांत कोष विणून होतो. तो चार-पाच दिवसांनी काढायचा आणि बाहेरची जाळी हाताने सोलायची, हेही काम बायकांचेच.

कोष विकायला यजमान जातात. 2018 मध्ये जालन्यात बाजारपेठ सुरू होण्यापूर्वी इकडचे शेतकरी कर्नाटकातील रामनगरला जात. आता ती दगदग वाचली आहे. या घरात बाजाराची पट्टी मात्र यजमानांच्या नावाने निघते, कारण सातबारा त्यांच्या नावावर आहे. ही पद्धत मला खटकली. मी त्यांना बॅचविषयी चार प्रश्न विचारले. चुना केव्हा टाकला, अळ्या कात टाकायला कोणत्या दिवशी बसल्या, या दोहोंसाठी त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली. ताईंनी आतूनच तारखा सांगितल्या. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपलेल्या होत्या. तेव्हा तुम्ही गेलात, तर पहिला प्रश्न ताईंनाच विचारा, आणि तोही दुपारी, दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत.