मऊ घासाने फुटलेली कॅप

परदेशात येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा एका संध्याकाळी जेवताना खालच्या दाढेवरील कॅपचा टवका उडाला. घास मऊ होता. त्यात खडाही नव्हता. त्यामुळे माझा संशय मायदेशी कॅप बसवणाऱ्या डॉक्टरांच्या कामावर गेला आणि ती तक्रार मनात घेऊनच मी इथल्या दंतवैद्यांकडे गेले. कॅप कशाची आहे, असे त्यांनी सर्वप्रथम विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. परगावी निघणाऱ्या प्रत्येकाने आपल्या दातांवर काय बसवले आहे आणि कधी, याची नोंद सोबत ठेवावी, असे मला तेव्हापासून मनापासून वाटते.

तपासल्यावर कळले की, आतला झिरकोनियाचा, म्हणजे एका कणखर सिरॅमिकचा, सांगाडा शाबूत होता आणि फक्त वरचा पोर्सिलेनचा थर निघाला होता. त्यांनी तो तुकडा मला भिंगाखाली दाखवला. चावण्याच्या पृष्ठभागावर एक जागा घासून खरखरीत झाली होती आणि तडा तिथूनच आत गेलेला दिसत होता.

पोर्सिलेन दाब उत्तम सोसते, परंतु ओढणारा ताण आला की ते दुबळे ठरते. धातू किंचित वाकून ताण वाटून घेतो, पोर्सिलेनला ते जमत नाही. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि प्रत्येक चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने काचेच्या बाबतीत हे १९२१ मध्ये मांडले होते. तोंडात तर ही चीर सतत ओली असते. लाळेतील पाणी चिरेच्या टोकाशी असलेले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध सैल करते, त्यामुळे प्रत्येक चावण्यागणिक ती कणाकणाने पुढे सरकते. म्हणजे ज्या घासाला आपण दोष देतो, तो केवळ शेवटचा असतो.

ताण सोसण्याचे बळ पदार्थागणिक फार बदलते. वाकवताना साधे पोर्सिलेन १०० मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) आसपास तुटते, कॅपसाठीच वापरले जाणारे लिथियम डायसिलिकेट हे सिरॅमिक ४०० च्या आसपास, तर झिरकोनिया ९०० ते १२०० पर्यंत टिकते. झिरकोनियाचे वैशिष्ट्य असे की, चीर जवळ आली की तिथले स्फटिक रूप बदलून ४ ते ५ टक्क्यांनी फुगतात आणि चिरेलाच दाबून धरतात. मला ही रचना विलक्षण वाटते. मात्र त्यावर शोभेसाठी चढवलेल्या पोर्सिलेनला हे संरक्षण मिळत नाही. भट्टीतून काढल्यावर दोन्ही थर सारख्या प्रमाणात आकसले नाहीत, तर त्यांच्यात सुरुवातीपासूनच ताण अडकून राहतो. कॅप बसवल्यानंतर उंची जुळवण्यासाठी ती घासली आणि पुन्हा नीट गुळगुळीत केली नाही, तर त्या ओरखड्यांतूनही चिरा सुरू होतात.

व्हिनिअरचे, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेल्या पातळ आवरणाचे, गणित वेगळे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तो पापुद्रा स्वतःच्या बळावर उभा नसतो. खालच्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या थराला, घट्ट चिकटलेला असतो, म्हणून टिकतो. दात जास्त कोरला जाऊन इनॅमलखालचा थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडला, तर चिकटण्याची पकडही कमी होते आणि डेंटिन अधिक लवचीक असल्याने वरचा पापुद्रा वाकू पाहतो. नखे कुरतडणे, पेन चावणे किंवा दाताने दोरा तोडणे यांत तर सारा जोर त्याच्या कडेवरच येतो.

माझ्या बाबतीत खरे कारण मात्र रात्रीचे होते. झोपेत दात खाण्याची सवय आहे का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी ठामपणे नाही म्हणाले. त्यांनी आरशात इतर दाढांचे सपाट झालेले उंचवटे दाखवले. ही सवय बहुधा शेजारी झोपणाऱ्यालाच कळते आणि इथे मी एकटी राहते. दिवसा चावताना जोर फार होताच मेंदू जबड्याला आवरतो. झोपेत हा लगाम सैल पडतो आणि दात कितीतरी वेळ एकमेकांवर आवळलेले राहतात.

नवी कॅप मी वरचा थर नसलेल्या, एकसंध झिरकोनियाची करून घेतली आणि रात्री घालण्यासाठी नाइट गार्ड बनवून घेतले. तीन महिन्यांनी तपासणीसाठी ते घेऊन गेले, तेव्हा त्या कडक प्लॅस्टिकवर नेमक्या त्याच दाढेच्या जागी घासून खळगा पडलेला होता.