लपलेला देव आणि मोजलेली अक्षरे

एका जुन्या मित्राशी सुरू झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही. बायबलच्या हिब्रू मजकुरात पुढे घडणाऱ्या घटना सांकेतिक रूपात दडवून ठेवलेल्या आहेत असे तो मानतो, आणि मला ते पटत नाही. सुरुवातीचे काही दिवस आम्ही निव्वळ अक्षरे आणि आकडे यांवर भांडलो. मग हळूहळू ध्यानात आले की आम्हा दोघांच्या मनातला देवच निराळा आहे.

त्याची बाजू आधी मांडतो. बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातील पहिल्या ‘ताव’ या हिब्रू अक्षरापासून दर पन्नासावे अक्षर घेत गेल्यास ‘तोरा’ (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे ज्यू नाव) हा शब्द तयार होतो, आणि निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभीही तसेच घडते. वाइसमांडल नावाच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, हे संगणकाच्या आधीच्या काळात हाताने मोजून काढले होते. पुढे वित्झटुम, रिप्स आणि रोझेनबर्ग या तिघा संशोधकांचा लेख 1994 मध्ये ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. नामवंत रब्बींची नावे आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा उत्पत्तीच्या मजकुरात योगायोगाने यावीत त्यापेक्षा जास्त जवळजवळ आढळतात, असा त्यांचा दावा होता. 1997 मध्ये पत्रकार मायकेल ड्रॉस्निन यांच्या पुस्तकाने हा विषय घरोघरी नेला आणि त्यात थेट इस्रायलचे पंतप्रधान इत्झाक राबिन यांच्या हत्येचे भाकीत सापडल्याचे सांगितले. खुद्द रिप्स यांनी मात्र अशा भाकितांपासून स्वतःला जाहीरपणे दूर ठेवले, ही गोष्ट माझ्या मित्राला आवडत नाही.

‘मोबी डिक’मध्ये एखाद्या पंतप्रधानाची हत्या शोधून दाखवा, असे आव्हान ड्रॉस्निन यांनी टीकाकारांना दिले होते. गणितज्ञ ब्रेंडन मॅके यांनी ते स्वीकारले आणि त्या कादंबरीतून इंदिरा गांधींसह अनेकांच्या हत्या काढून दाखवल्या. 1999 मध्ये मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात मूळ प्रयोगाचीही चिकित्सा केली. एकेका रब्बीला अनेक नावे व उपाध्या असतात. त्यांतील कोणती घ्यायची आणि कोणती गाळायची याची मोकळीक असली की हवा तो निकाल मिळू शकतो, हे त्यांनी टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’ या कादंबरीच्या हिब्रू भाषांतरावर करून दाखवले. हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजनेच लिहिली जातात, त्यामुळे कोणतीही तीन अक्षरे शेजारी आली की अर्थपूर्ण शब्द बनण्याची शक्यता बरीच असते. काना, मात्रा, वेलांटी सांभाळणाऱ्या आपल्या लिपीत हा खेळ खेळून पाहावा म्हणजे फरक कळेल.

मला याहून मोठी अडचण वाटते ती मजकुराची. अक्षरे मोजायची तर एकही अक्षर हलता कामा नये. मध्येच एक गळले तर त्यावरून जाणारी प्रत्येक साखळी तुटते. हिब्रूत एकच शब्द जास्त किंवा कमी अक्षरांनी लिहिण्याची पद्धत आहे, आणि मृत समुद्राकाठी सापडलेल्या बायबलच्या प्राचीन गुंडाळ्यांत अक्षरांचे असे फरक भरपूर आहेत. पूर्ण आणि तोकड्या वर्णलेखनात आपण जाणकार नाही, अशी कबुली तर तालमूद या ज्यू धर्मग्रंथातच आहे.

याचा अर्थ बायबलमध्ये संकेत नाहीतच असा नव्हे, आणि इथे मित्राचे अर्धे म्हणणे मी आनंदाने मान्य करतो. 119 वे स्तोत्र हिब्रूच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचले आहे. प्रत्येक अक्षराला आठ ओळी, एकूण 176. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील 666 हा आकडा ‘नेरोन कैसर’ (रोमन सम्राट नीरो) हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्या अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज केली की येतो. नावातील शेवटचा ‘नून’, म्हणजे 50, काढला तर 616 उरतो, आणि काही प्राचीन प्रतींत खरोखरच 616 आहे. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात ‘बाबेल’ (बॅबिलोन) या नावाऐवजी ‘शेशख’ येते. वर्णमालेतील पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी उपान्त्य, अशी ती अदलाबदल आहे. पण 51 व्या अध्यायाच्या 41 व्या वचनात ‘शेशख’ आणि ‘बाबेल’ दोन्ही नावे शेजारीशेजारी आहेत. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगलेली!

मित्राचे हुकमी अस्त्र यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 45 व्या अध्यायात आहे. तू खरोखर स्वतःला लपवणारा देव आहेस, असे तिथे 15 वे वचन म्हणते. मी त्याला चार वचने पुढे वाचायला सांगितले. तिथे देव स्वतःच म्हणतो की मी गुप्तपणे, अंधाऱ्या जागी बोललो नाही. दोन्ही विधाने एकाच अध्यायात नांदतात, आणि मला वाटते ती एकमेकांना खोडत नाहीत. मोशे या संदेष्ट्याला देवाचे मुख पाहता येत नाही, फक्त पाठ दिसते; नाव विचारले तर ‘मी आहे तो आहे’ एवढेच उत्तर मिळते. देवाचे स्वरूप झाकलेले आहे, पण त्याची आज्ञा झाकलेली नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात तर स्पष्टच म्हटले आहे की ही आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही, तुझ्या मुखात आणि हृदयात आहे. संगणक येईपर्यंत जे कुणालाच वाचता येणार नव्हते, असे काही या देवाने लिहून ठेवावे आणि तेही एका पंतप्रधानाच्या हत्येविषयी, हे मला त्याच्या स्वभावाशी जुळणारे वाटत नाही.

मित्राने यावर फक्त एक संदर्भ पाठवला: यिर्मया 25:26. तिथे ‘शेशख’ एकटेच आहे, शेजारी बाबेलचे नाव नाही. त्याचा मुद्दा बरोबर आहे, हे मला मान्य करावे लागले. मात्र त्या जागी काही लपवलेच असेल, तर ते बलाढ्य राजाच्या धाकात लिहिणाऱ्या माणसाने लपवले असावे, असे मी त्याला कळवले आहे.