घरची भट्टी, अपडेट ४: फरशी उचलली, खाली काच आणि मीठ भरलं

मागच्या वेळी घुमट उभा राहिला तिथपर्यंत लिहिलं होतं. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, पाव भाजायची लाकडावरची मातीची भट्टी, गोव्यात डिचोलीत घरामागे चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जोतं, त्यावर फायरब्रिकची (आग सोसणाऱ्या विटांची) फरशी, आतला व्यास ८४ सेंमी, घुमट ४२ आणि दार २६ सेंमी उंच (घुमटाच्या साधारण ६३ टक्के, हा हिशोब बहुतेक सगळेच धरतात, दार याहून उंच झालं की उष्णता पळते आणि फार बुटकं झालं की आग गुदमरते). माती रोयणीची (वारुळाची) घ्यायची होती, चुलीला आमच्याकडे तीच चांगली मानतात, पण आई म्हणाली रोयणीला हात लावायचा नाही, ती सातेरी देवी. विषय संपला. कुंभाराकडची आणली, १ भाग माती ३ भाग वाळू.

सात दिवस करवंट्यांची छोटी छोटी आग करून सुकवली, केसाएवढ्या दोन भेगा आल्या त्या लिंपल्या. मग पहिली खरी आग. तीन तासांनी घुमटाची काजळी जळून आतून पांढरा झाला, मला वाटलं जमलं! थर्मामीटर लावला तर घुमट ३९० आणि फरशी २१०, आणि निखारे ओढून ओलं पोतं फिरवून वीस मिनिटं थांबलो तोवर फरशी १५० वर. पोळ्या (आमच्याकडचे कोंडा लावलेले पोकळ पाव) वरून छान फुगल्या, रंग आला, आणि खालून पांढऱ्या चिकट. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला (पाववाल्याला) थांबवलं, त्यांची स्वतःची जुनी भट्टी आहे. त्यांनी आत बघितलंच नाही, आधी जोत्याच्या चिऱ्यांना हात लावला, ते अजून कोमट होते. विचारलं, "सकयल कितें घातलां?" (खाली काय घातलंय?) म्हटलं काही नाही, चिऱ्यावर ५ सेंमी वाळू आणि त्यावर विटा. ते म्हणाले फरशीखाली फुटकी काच आणि मीठ लागतं, त्यांच्या वडिलांनीही तसंच केलेलं. काचेचं कारण मला लगेच पटलं, तुकड्यांच्या मधे हवा अडकते आणि उष्णता खाली उतरत नाही, माझ्याकडे मात्र सगळी आग जोतं तापवण्यात जात होती.

नशीब एवढंच की घुमट फरशीवर नाही, फरशीच्या बाहेरून बसवला होता आणि विटा सिमेंटशिवाय नुसत्या मांडलेल्या, त्यामुळे दारातून एकेक काढता आल्या. वाळू उपसली, चिऱ्याचा वरचा थर छिन्नीने खणला, २६ सेंमीच्या दारातून कुशीवर पडून हात घालत दोन दिवस गेले, खांदा अजून दुखतोय. पण १२ सेंमी जागा मिळाली. बाटल्या पोत्यात गुंडाळून हातोड्याने फोडल्या (गॉगल आणि जाड हातमोजे घालाच, प्लीज), वर आगरवाड्याच्या मिठागराचं २० किलो खडे मीठ, मग वाळूचा पातळ थर आणि परत विटा, लेव्हल नीट बघून, कारण वीट एक मिलीमीटर जरी वर राहिली तरी फावडं अडकतं.

काल परत पेटवली, तेवढीच लाकडं, तेवढाच वेळ. फरशी २९०, वीस मिनिटांनी २५५, तासाभराने २१५! पीठ टाकून बघितलं तर करपलं नाही, हळूहळू तांबूस झालं. सात मिनिटांत पोळ्या झाल्या, खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज, कोंडा भाजल्याचा तो वास अंगणभर, आईने गरम गरमच खाल्ली, वर नुसतं लोणी.

आता मिरगाच्या आधी वर पत्र्याचं छप्पर झालंच पाहिजे. काळजी मिठाची आहे, ते पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी ओढणार, म्हणून दर आठवड्याला एक छोटी आग ठेवायचा विचार आहे. ज्यांच्या भट्टीखाली मीठ आहे आणि एक तरी पावसाळा काढलाय त्यांनी सांगा, आठवड्याला एकदा पुरेल की जास्त लागेल?