दिंडोरी रस्त्यावर मोजलेले अ‍ॅव्हरेज

पंचवटीत मार्केट यार्डाजवळ माझे गॅरेज आहे आणि जुन्या जिपांचे काम माझ्याकडे बरेच येते. दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आपली महिंद्राची सीजे 3बी घेऊन आले, तेव्हा तिच्यातले मूळ 2.2 लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन कधीच निघून गेलेले होते. त्या जागी दुसऱ्या एका गॅरेजने महिंद्राचेच 2523 सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन बसवले होते आणि आरसी पुस्तकावर त्याची रीतसर नोंदही होती. नानांची तक्रार अशी की, गाडी सपाटीवर ताशी साठच्या पुढे नुसती ओरडते आणि डिझेलही पेट्रोलच्या जिपेसारखे पिते. त्यांच्या मुलाला त्यावर एकच उपाय दिसत होता : आणखी मोठे, टर्बो आणि कॉमन रेलचे, म्हणजे नव्या धर्तीचे जास्त ताकदीचे डिझेल इंजिन.

मी त्याला सांगितले, "दादा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची परवानगी लागते, पण कागदाचे राहू दे. आहे ते इंजिन कमी पडते का, तेवढे आधी बघू."

सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने अशी जीप पळवायला माझ्या हिशेबाने बारा ते पंधरा हॉर्सपॉवर पुरतात. त्याहून कितीतरी मोठे इंजिन बसवले, तर ते बहुतेक वेळ अर्धपोटी काम करते, आणि डिझेल इंजिन थोड्या लोडवर चालले की प्रत्येक हॉर्सपॉवरमागे जास्त इंधन खाते. घाटात ताकद लागते हे खरे, पण तिथेही चाकाला मिळणारी ओढ इंजिनाइतकीच गिअर आणि डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, चाकांना फिरवणारा दातांचा संच) ठरवतात, आणि या गाडीचे नेमके तेच कोणी पाहिले नव्हते. मी मागच्या डिफरन्शियलचे कव्हर उघडून दात मोजले : क्राऊनला, म्हणजे मोठ्या चक्राला 43, पिनियनला, म्हणजे छोट्याला 8, म्हणजे प्रमाण 5.38. चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 5.38 फेऱ्या. हे प्रमाण चार हजार फेऱ्यांपर्यंत फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी होते. सहा-सोळा मापाच्या टायरवर, टॉप गिअरमध्ये साठच्या वेगाला त्यात इंजिनाच्या मिनिटाला सुमारे 2400 फेऱ्या होतात आणि ऐंशीला 3200, म्हणजे या डिझेल इंजिनाचा जवळजवळ शेवटच. मग गाडी ओरडणार नाही तर काय करणार?

शिवाय इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचे डिझेल वाढवून ठेवलेले होते. ओढ कमी वाटली की पंप वाढवून द्यायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवले की वाढतो तो काळा धूर, आणि सप्तशृंगगडासारख्या उंचीवर, जिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते, तिथे तर तो आणखीच. मी आधी फक्त पंप कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचे डिझेल योग्य मापावर आणून घेतले, डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलचे प्रेशर तपासले आणि गाडी नानांना वापरायला दिली. मुलाने वहीत अ‍ॅव्हरेज लिहून ठेवले, ते लिटरला साडेदहा किलोमीटरवरून 11.3 झाले होते.

त्यानंतर एक्सलचे काम केले. फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही संच एकाच प्रमाणाचे लागतात. एकच बदलला आणि पुढचा ड्राइव्ह टाकला, तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडत बसतात. 4.27 चे प्रमाण घेतले असते तर हायवेवर मजा आली असती, पण प्रत्येक गिअरमधली ओढ वीस टक्क्यांनी घटली असती, आणि नानांना द्राक्षांचे क्रेट भरून मळ्याच्या चढणीवरून यायचे असते. पाच गिअरचा बॉक्स हा पर्याय उत्तम, कारण खालचे गिअर जसेच्या तसे राहतात. मात्र ऐंशी इंचांच्या व्हीलबेसमध्ये लांब बॉक्स बसवला की मागचा प्रोपेलर शाफ्ट फारच आखूड होतो, त्याच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि गाडी थरथरू लागते. म्हणून 39 आणि 8 दातांचा, म्हणजे 4.88 चा संच घेतला. त्यात नऊ टक्के ओढ जाते, तेवढी या इंजिनाला परवडते.

मग ज्या दिवसासाठी हे लिहितो आहे, तो दिवस आला. नाना आणि मुलगा सकाळीच गॅरेजवर हजर. मुलाने वही पुढे केली. एक्सल बदलल्यानंतरचे अ‍ॅव्हरेज 11.1. नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, एवढा खर्च केला आणि उलट दोन पॉइंट खाली?"

मी वादात पडलो नाही. पाच लिटरचा खुणा केलेला कॅन सीटच्या मागे बांधला आणि टाकीची नळी काढून कॅनला जोडली. इथे एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. डिझेल इंजिन जळते त्याहून जास्त डिझेल मागवते आणि उरलेले परत पाठवते. परतीची नळी टाकीतच राहिली तर कॅन भराभर रिकामा होतो आणि इंजिन उगाच बदनाम होते. दोन्ही नळ्या कॅनमध्ये सोडल्या, नळ्यांतली हवा काढली आणि आम्ही तिघे वणीच्या दिशेने निघालो.

दिंडोरीच्या अलीकडे मी मुलाला म्हणालो, "मीटर बघू नकोस, बाहेरचे किलोमीटरचे दगड मोज." दहा दगड झाले तेव्हा मीटरवर नऊच्या किंचित वर आकडा होता. त्याला आधी वाटले दगड चुकला, म्हणून पुढचे दहा त्याने बोट दाखवून मोजले. पुन्हा तेच. तेव्हा समजावून सांगितले : या जिपेत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवरून निघते, एक्सलवरून नाही. प्रमाण 5.38 वरून 4.88 झाले की तेवढ्याच अंतरात तिथून एक्सलकडे जाणारा शाफ्ट नऊ टक्के कमी फिरतो, आणि मीटर तेवढेच अंतर गिळून टाकते. वहीतले 11.1 म्हणजे खरे 12.2. दगडांवरून आणि कॅनवरून आमचा त्या दिवशीचा हिशेबही बाराच्या वरच आला. नाना मात्र अजून गप्प होते, त्यांना घाट पाहायचा होता.

नांदुरीपासून गडाच्या चढणीला गाडी पूर्वीसारखी तिसऱ्यात ओढेना, ती दुसऱ्यात टाकावी लागली. दुसऱ्यात मात्र ती न धापता, जवळजवळ धुराशिवाय वर गेली. घाटापुरते मोजले तर पूर्वीपेक्षा डिझेल फारसे वाचले नाही, हेही मी त्यांना सांगितले. वाचले ते सपाटीवर, आणि नानांचा बहुतेक प्रवास नाशिक-दिंडोरी असाच असतो.

स्पीडोमीटरचा जुळणारा पिनियन मी नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपासच्या दुकानांत बराच शोधला, अजून मिळालेला नाही. तोवर मुलाने डॅशबोर्डवर कागद चिकटवला आहे : मीटरचा आकडा गुणिले 1.1. वेगालाही तेच लागू आहे, काटा साठवर असेल तर गाडी सहासष्टने पळते, हे मी त्याच कागदावर लाल शाईने लिहायला लावले. टर्बोचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही. नानांनी मात्र ऑइल बदलायचे किलोमीटर मोजतानाही आता मीटरचा आकडा 1.1 ने गुणायचा का, असे विचारले, आणि ते बरोबरच होते.