आमची वाटचाल : साते विकणं बंद केलं तेव्हा

सिंगापूरला आलो तेव्हा साते, म्हणजे मसाल्यात मुरवून काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे, हा बाहेर जाऊन खायचा पदार्थ, एवढंच ठाऊक होतं. लाऊ पा सात या जुन्या खाऊबाजाराच्या बाजूची बून टाट स्ट्रीट संध्याकाळी गाड्यांना बंद होते, रस्त्यातच टेबलं मांडतात आणि समोर धुरात काड्यांची रांग भाजत असते. घरी कोण कशाला करतंय?

करत होत्या आमच्या शेजारच्या माकचिक. मलय लोक वयानं मोठ्या बाईला माकचिक म्हणतात, आपल्या मावशीसारखं. त्यांचा मसाला पाहून मी चाटच पडले. धने, जिरं, बडीशेप, हळद, छोटे कांदे आणि गवती चहा! आपण पात चहात टाकतो, त्या खालचा पांढरा दांडा ठेचून वाटतात. अनोळखी होतं ते फक्त लेंगकुआस, आल्याचं भावंड. काड्या पूर्वी झावळीच्या हिरांच्या असत, म्हणजे आपल्या खराट्याच्याच. सॉसमध्ये भाजल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, चिंचेचा कोळ आणि गुला मलाका, म्हणजे माडाच्या रसाचा गूळ. आईला कऱ्हाडला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे उपवासाची शेंगदाण्याची आमटीच की गं, कोंबडीबरोबर."

आधी ओळखीपाळखीत तयार साते द्यायचो. एप्रिल 2020 मध्ये इथे टाळेबंदी लागली, घरगुती खाद्यव्यवसायही थांबवले गेले. 12 मेपासून परवानगी मिळाली तशा ऑर्डरी धो धो आल्या. पण डब्यातून पोचेपर्यंत साते गार, चिवट. एका बाईंनी अर्धा डबा खाऊन पैसे परत मागितले. रागच आला, पण चूक त्यांची नव्हती. मग ह्यांनी सुचवलं की भाजणं गिऱ्हाइकावरच सोडू. आपण फक्त वाटण आणि सॉस द्यायचा.

तिथून खरं शिक्षण सुरू झालं. लोक काड्या न भिजवता लावायचे, जाळून टाकायचे. कोंबडीच्या छातीचे तुकडे घ्यायचे आणि कोरडे झाले म्हणून तक्रार करायचे. मांडीचं मांस घ्या, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करा, रात्रभर मुरवा, काड्या अर्धा तास पाण्यात ठेवा, हे आता पाकिटावर छापलंय. फ्लॅटमध्ये कोळसा पेटवायची सोय नाही. बिडाचा तवा कडकडीत तापवून, गवती चहाचा दांडा ठेचून त्याचाच ब्रश करून तेल लावत उलटलं तरी छान होतं. धुराचा वास मात्र येत नाही, आणि तो येईल असं आम्ही सांगतही नाही.

सॉसचं वेगळंच. मिरची-कांद्याचं वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावं लागतं. घाई केली की कच्चट लागतं. हे लाल तेल बाटलीत वर तरंगतं. गिऱ्हाइकं ते ओतून टाकायची आणि मग सॉस घट्ट झाला म्हणायची. शेवटी झाकणावरच लिहिलं: तेल फेकू नका, ढवळा.

दुकानांत माल द्यायचा तर परवान्याचं किचन हवं, म्हणून भाड्यानं जागा घेतली. पहिल्याच महिन्यात एका पुरवठादाराकडून आलेले शेंगदाणे खवट निघाले. वासानं मला तेव्हाच शंका आली होती, तरी कुटून टाकले. 60 बाटल्या फेकल्या. तेव्हापासून पोतं उघडल्यावर पाच-सहा दाणे मी स्वतः चावून बघते, मगच भाजायला जातात. भाजणं अजूनही कढईत, साल काळपट डागाळेपर्यंत. मिक्सरमधून लगदा काढायचा नाही. दाताखाली कण आला पाहिजे.

माकचिक दर घाण्याला चव घ्यायला येतात. चमचा चाटतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "कुरांग आसाम", आंबट कमी आहे. मी चिंच वाढवते. पुढच्या घाण्यालाही त्या तेच म्हणतात.